भालेराव सरांची नियोजित संस्था

भालेराव सर कुणाच्याही घरी गेले की पाण्याच्या आधी टाचणी मागायचे. नवखा यजमान गोंधळून जायचा. सरांच्या पायात काटा मोडला असेल असं समजून घरातली बाई सुई घेऊन यायची. सर म्हणायचे, "सुई चालंल, पण टाचणी बरी." मग ती टाचणी ते जमिनीवर ठेवायचे, सदऱ्याच्या खिशातून अंगठ्याएवढा लोहचुंबक काढायचे आणि वरून सावकाश खाली आणायचे. टाचणी टुणकन उडून लोहचुंबकाला चिकटायची.

"बघितलं?" सर म्हणायचे. "खालनं एवढी मोठी पृथ्वी वढतीय. समुद्र, डोंगर, नळदुर्गचा किल्ला, समद्यासकट वढतीय. आन वरनं हे एवढुसं लोखंड. जिंकलं कोण?"

समोरचा म्हणायचा, "लोखंड."

"व्हय. गुरुत्वाकर्षण लई गरीब हाय ओ," असं म्हणून सर चेहरा पाडायचे. जवळच्या नात्यातलं कुणी आजारी असावं आणि औषध सापडत नसावं, असा तो चेहरा असायचा. त्यानंतर चहा प्यायचे.

आमच्या घरी या प्रकाराची इतकी सवय झाली होती, की माझ्या बायकोनं, सुमननं, भिंतीवरच्या कॅलेंडरला एक टाचणी कायमची टोचून ठेवली होती. सर ओट्यावर येऊन बसले की ती आधी टाचणी बाहेर पाठवायची आणि मग पाण्याचा तांब्या.

सर आणि मी एकाच हायस्कुलात होतो. ते विज्ञान शिकवायचे, मी मराठी. आमचं गाव जळकोट आणि नळदुर्गच्या मधे, हमरस्त्यापासून दोन कोस आत. रस्त्यावरून हैदराबादचे ट्रक सारखे धावायचे, पण आमच्याकडं वळायचं कारण त्यातल्या एकालाही कधी पडलं नाही. अशा गावात राहून भालेराव सर विश्वातली चार मूलभूत बळं एकत्र करायच्या मागे लागले होते. लोक विहीर खणतात, बोअर मारतात, फार तर निवडणूक लढवतात. सरांनी हे काढलं होतं.

मला विज्ञानातलं ओ की ठो कळत नाही. माझे वडील मेंढरं राखायचे. घरातला शाळेत गेलेला पहिला मी, आणि गणितापासून जितकं लांब राहता येईल तितकं राहून मी मास्तर झालो. पण सरांच्या शेजारच्या खुर्चीवर अकरा वर्षं बसल्यावर ती चार बळं मला भावकीतल्या माणसांसारखी पाठ झाली. त्यांचं शिकवणंच तसं होतं.

"पहिलं गुरुत्व. गरीब हाय, पण कुठंबी पोचतंय. दुसरं विजेचं आन चुंबकाचं. ही दोन आधी वेगळी राहायची, मागल्या शतकात त्यांचं एक झालं. तिसरं प्रबळ बळ. ते अणूच्या पोटात असतंय. जवळ असलं तर गळ्यात गळा, जरा लांब गेलं की वळख न्हाय. आन चौथं दुबळं. नावावर जाऊ नका. ते कणाला हाय त्याचा दुसराच करून टाकतंय. आज ह्यो, उद्या त्यो."

इथं मागच्या बाकावरून हमखास कुणीतरी एका पुढाऱ्याचं नाव घ्यायचं. सर म्हणायचे, "बरोबर समजलं. बस खाली."

शेवटी ते ठरलेलं वाक्य यायचं. "चारी मुळात एकच हायत ओ. आपल्याला अजून दिसंना झालंय, एवढंच."

हे 'मुळात एकच' त्यांच्या अंगात भिनलं होतं. डब्यातली भाकरी, पिठलं, ठेचा आणि ताक हे सगळं ते एका ताटलीत कालवून खायचे. बघवत नसे. शाळेच्या ग्रंथालयाचा चार्ज त्यांच्याकडं आला तेव्हा त्यांनी सगळे विषय एकत्र करून पुस्तकं उंचीप्रमाणं लावली. एकदा आमच्या गल्लीतले दोन सख्खे भाऊ विहिरीच्या पाळीवरून हातघाईवर आले. सर मधे पडले आणि म्हणाले, "पाणी मुळात एकच हाय." त्यावर ते दोघं मिळून सरांच्या अंगावर धावले. सर सायकलवर टांग टाकून माझ्याकडं आले. धाप लागली होती, पण तोंडभर हसत होते. "गुरुजी, झाले की एक," म्हणाले.

हे वेड त्यांना कधी लागलं ते मला माहीत आहे, कारण मी तिथं होतो. बहात्तरचा दुष्काळ. गावाजवळ पाझर तलावाचं काम निघालं होतं आणि हजेरी घ्यायला आम्हा मास्तरांना पाठवलं होतं. सरांची आई, गयाबाई, त्या कामावर माती वाहायला यायची. पोरगा मास्तर झाला म्हणून घरी बसणारी ती बाई नव्हती. दुपारच्या सुट्टीत सरांनी बाभळीखाली बसलेल्या बायांना टाचणीचा खेळ करून दाखवला आणि गुरुत्वाकर्षण गरीब असल्याचं सांगितलं. सगळ्या बाया हसल्या. गयाबाई मात्र हसली नाही.

"गरीब हाय म्हणतुस," ती म्हणाली, "मंग ही पाटी दर खेपंला जड का व्हती रं?"

सरांनी लोहचुंबक खिशात घातला. तो तीन दिवस बाहेर काढला नाही. हजेरीवर दोन माणसं दोनदा मांडली आणि एक गाढव मांडलं. चौथ्या दिवशी मला बाजूला घेऊन म्हणाले, "आईचं खरं हाय. बाकीची बळं मोठी, पण आपापल्यात मिटवून घेत्यात, भाईर कळू देत न्हाईत. हे गरीब मात्र कुणाला सोडत न्हाय. असलं कसं एकटंच भाईर राहिलं? त्याला घरात घ्यावं लागंल, गुरुजी."

मला वाटलं, ऊन लागलंय.

दुष्काळ सरला आणि आमच्याकडं सहकाराची लाट आली. दूध संस्था निघाली, उपसा सिंचन निघालं, कोंबड्यांची संस्था निघाली, साखर कारखान्याचं बोलणं पारावर रोज निघायला लागलं. चार माणसं एकत्र दिसली की पाचवा विचारायचा, नोंदणी झाली का. त्याच सुमारास सरांनी कुठल्याशा मासिकात वाचलं, की परदेशात या बळांच्या संशोधनाला वेगवेगळ्या देशांची माणसं शेकड्यानं एकत्र बसतात आणि एका निबंधाखाली सगळ्यांची नावं घालतात. सर मासिक घेऊन पळतच माझ्या वर्गात आले. मी कविता शिकवत होतो.

"गुरुजी, हे एकट्याचं काम न्हाय. तिकडंबी मिळूनच करत्यात. म्हंजी सहकारच की ओ."

पुढच्याच आठवड्यात मला सायकलवर डबलसीट घालून ते तालुक्याला घेऊन गेले, सहकार खात्याच्या कचेरीत. अर्जावर लिहिलं होतं: मूलभूत बले एकीकरण संशोधन व प्रशिक्षण सहकारी संस्था मर्यादित. मुख्य प्रवर्तक ना. य. भालेराव. मानद चिटणीस मी. माझं अक्षर मोत्यासारखं होतं, एवढीच माझी लायकी.

तिथला कारकून भला माणूस होता. त्यानं अर्ज दोनदा वाचला. "कोणत्या सदरात घालू? दूध, पतपुरवठा, प्रक्रिया?"

"प्रक्रिया," सर म्हणाले.

"कच्चा माल?"

"चार बळं."

"पक्का माल?"

"एक बळ."

कारकुनानं पेन खाली ठेवलं. "सर, चार घालून एकच निघत असेल तर संस्था पहिल्या वर्षीच बुडंल." पण सरांचा चेहरा बघून त्यानं अर्ज ठेवून घेतला आणि सांगितलं, की दहा सभासदांच्या सह्या आणा, मग विचार करू. दहाच्या खाली चालत नाही. आम्ही दहा सह्या नेऊन दिल्या. अर्ज विचाराधीन राहिला तो राहिलाच. पण नोंदणी होईपर्यंत संस्थेच्या नावापुढं 'नियोजित' असं लिहायची पद्धत असते, तेवढा आधार सरांना पुरला. त्यांनी पाटी रंगवून घेतली आणि महबूबभाईंच्या पिठाच्या गिरणीवर लावली. लोक दळण घेऊन येताना वाचायचे.

गिरणीत लावायचं कारण असं, की रविवारी दुपारी गावात वीज नसायची आणि गिरणी बंद असायची. "एक बळ रजेवर हाय, तवा बाकीच्यांचं बघू," असं म्हणून सर सतरंजी अंथरायचे. सभासद दहा. सर, मी, सरांची आई, महबूबभाई, माझा चुलतभाऊ खंडू, दूध संस्थेचा सेक्रेटरी शिवाप्पा, आणि आणखी चौघं. खंडू मेंढरं राखायचा आणि दोनशे मेंढरांचा कळप तोंडानं न पुटपुटता मोजायचा, म्हणून सरांना तो संस्थेचा सगळ्यात हुशार सभासद वाटायचा. एरवी गावात जी माणसं एकमेकांच्या सतरंजीवर बसत नव्हती ती तिथं पिठात माखून मांडीला मांडी लावून बसायची. सगळेच पांढरे झाल्यावर कोण कुठं बसलंय हे बघायचं राहून जायचं.

पहिली दोन वर्षं नुसतं प्रशिक्षण चाललं. सरांनी मुंबईच्या एका संशोधन संस्थेला पत्रं लिहून लिहून सायक्लोस्टाईल केलेली टिपणं मागवली होती. त्यात एक अवाढव्य गणित होतं. सरांनी ते फोडून त्याची बेचाळीस पानं केली. एकेका पानावर नुसते गुणाकार, वजाबाक्या आणि शेवटी एक चिन्ह. गणिताचा अर्थ कळायची गरज नव्हती. अधिक म्हणजे ज्वारीचा दाणा, उणे म्हणजे तुरीचा. पद आलं की ताटात दाणा टाकायचा. ज्वारी आणि तूर समोरासमोर आली की दोन्ही उचलून बाजूला काढायची. शेवटी ताटात जे उरेल ते चिन्ह. गयाबाईला लिहिता येत नव्हतं, पण तिनं दाण्यांवर तीन पानं केली आणि तिन्ही बिनचूक. शिवाप्पानं दूध संस्थेचे जुने छापील फॉर्म दिले होते, त्यांच्या कोऱ्या पाठीवर आम्ही लिहायचो. प्रत्येक पान दुसऱ्या सभासदानं तपासायचं असा सरांचा कडक नियम होता.

आता माझं पाप सांगतो. माझ्या वाट्याला सतरावं पान आलं. त्या पानावर पन्नासच्या वर पदं होती. भुईमूग काढायला आलेला, सहामाहीचे पेपर तपासायचे होते, आणि खरं सांगायचं तर या सगळ्यातून काही निघणार आहे असं मला कधी वाटलंच नव्हतं. सर खूश राहतात, रविवार बरा जातो, चहा मिळतो. मी सात-आठ पदं केली, बाकीची नुसती सुबक अक्षरात उतरवून काढली आणि शेवटी चिन्ह टाकायची वेळ आली तेव्हा अधिक टाकलं. अधिक दिसायला बरं दिसतं. ते पान तपासायला महबूबभाईंकडं गेलं. त्यांनी गिरणीच्या दारात उजेडाला धरून बघितलं आणि म्हणाले, "क्या साफ अक्षर हाय मास्तर. ह्यात कुठं चूक असंल?" आणि पानाचा आकडाही न बघता खाली सही ठोकली. सगळ्या गावाचा हाच समज होता. ज्याचं अक्षर चांगलं त्याचं गणित चुकत नाही.

तिसऱ्या वर्षी बेचाळीस पानं पुरी झाली. सरांनी गठ्ठा बांधला आणि मुंबईला पाठवून दिला. मी मनातल्या मनात त्याला रामराम केला. असले गठ्ठे परत येत नसतात.

पण पत्र आलं. मुंबईच्या त्या संस्थेत उन्हाळ्यात शिक्षकांसाठी महिनाभराचं प्रशिक्षण होतं. तुम्ही या, तुमचं गणित आमच्याकडचे लोक तुमच्याबरोबर बसून तपासतील, असं लिहिलं होतं. सरांनी ते पत्र गिरणीत उभ्यानं वाचून दाखवलं. गयाबाईनं विचारलं, "घरात घेतलं का त्या गरिबाला?" सर म्हणाले, "आता बघू, आई."

ज्या गठ्ठ्यावर या माणसानं तीन वर्षं घातली त्याच्या मधोमध मी एक खोटं पान ठेवलं होतं. आता मुंबईच्या मोठमोठ्या लोकांसमोर सर उभे राहणार, कुणीतरी सतरावं पान उघडणार आणि सगळे हसणार. आणि ते मला हसणार नव्हते, सरांना हसणार होते. सांगून टाकावं म्हणून दोनदा त्यांच्याकडं निघालो आणि दोनदा पानपट्टीवरून परतलो. स्टँडवर दूध संस्थेच्या चेअरमननं हार घातला. सर हार घालूनच एसटीत चढले, सोलापूरपर्यंत काढला नसावा.

आठवड्याला एक कार्ड यायचं. सरांचं अक्षर इतकं वाईट, की फळ्यावर लिहिलेलं त्यांचं त्यांनाच पुढच्या तासाला लागत नसे. त्यामुळं प्रत्येक कार्ड आम्ही गिरणीत सगळे मिळून वाचायचो. पहिलं: इथं फळा भिंतभर आहे, जेवण सपक आहे. दुसरं: सगळे आपल्यासारखेच आहेत, बोलायला लागले की थांबत नाहीत. तिसरं: उद्यापासून आपली पानं बघणार. त्यानंतर कार्ड आलंच नाही. मला जेवण जाईना. सुमन म्हणाली, "तुमाला काय झालंय? काविळीवाणी दिसायलाव." मी तिला सगळं सांगितलं. तिनं कॅलेंडरवरची टाचणी काढून पुन्हा नीट टोचली. मग म्हणाली, "त्यांच्यासाठी म्या इतकी वर्सं टाचणी जपून ठेवली, आन तुमाला पन्नास दाणे मोजता आले न्हाईत व्हय?"

सर परतले ते भर मे महिन्यात, गुरुवारी दुपारी. डोक्याला टॉवेल, काखेत गठ्ठा. आम्ही नऊजण स्टँडवर उभे होतो. खंडूनं विचारलं, "काय झालं, सर?"

"चुकलं," सर म्हणाले. "आधी पाणी पाजा. बाकीचं रविवारी."

ते तीन दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. रविवारी गिरणीत सगळे वेळेच्या आधी येऊन बसले होते. सरांनी गठ्ठा सोडला.

"एक बाई हायत तिथं. पांढरे केस, लई मोठ्या शास्त्रज्ञ. त्यांनी दोन दिवस पानं वाचली. हसल्या न्हाईत. म्हणल्या, हे कुणी केलं? म्या म्हणलं, सहकारी संस्थेनं. म्हणल्या, नोंदणी? म्या म्हणलं, नियोजित." सरांनी आमच्यावरून नजर फिरवली. "गयाबाईंची पानं बघून त्यांनी दाण्यांची रीत विचारून घेतली, आन वहीत लिहून घेतली. चूक एकच निघाली. सतराव्या पानावर. उणेच्या जागी अधिक पडलंय. त्ये पान माझं व्हतं. म्या घाईत केलं."

मग महबूबभाईंनी असा सुस्कारा सोडला, की पुढ्यातलं पीठ उडालं. "या अल्ला. म्या समजलो माझंच पान. तीन दिस पोटात अन्न न्हाय." खंडू म्हणाला त्यालाही तसंच वाटत होतं, सव्वीसाव्या पानाच्या वेळी एक मेंढी हरवली होती आणि त्याचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. शिवाप्पा म्हणाला, त्यानं तर राजीनामा लिहून खिशात आणला होता. त्यानं काढून दाखवला. प्रत्येकजण आपल्याच चुकीच्या भीतीनं वाळत होता, आणि आता सगळे सरांची चूक ऐकून इतके खूश झाले की कुणाला ते लपवताही येईना.

"आन दुसरं," सर म्हणाले. "बाई म्हणल्या, चिन्ह बरोबर असतं तरी तुमी एकेचाळिसाव्या पानावर अडकलाच असता. गुरुत्व तिथं घरात यायला तयारच व्हत न्हाय. जगातले समदे तिथंच अडकलेत."

खंडूनं विचार केला. "म्हंजी मुंबईवाले बी चिखलात आन आपुन बी चिखलात?"

"एकाच चिखलात."

"मंग बरं हाय," खंडू म्हणाला, आणि सगळे हसले. सर सगळ्यात जास्त हसले. इतका मोकळा झालेला माणूस मी आधी बघितला नव्हता.

मग गठ्ठा हातोहात फिरला. माझ्याकडं आला तेव्हा मी सतरावं पान काढलं. लाल शाईचं गोल होतं, गोलात अधिकचं चिन्ह होतं. बाकीची एकेचाळीस पानं दूध संस्थेच्या पिवळ्या पडलेल्या फॉर्मच्या पाठीवर होती. हे पान पांढऱ्याशुभ्र, गुळगुळीत, मुंबईच्या कागदावर होतं. अक्षर सरांचं होतं, मात्र एकेक अक्षर कष्टानं काढलेलं, शाळेत पहिल्यांदा गिरवावं तसं. माझं खोटं पान त्यांनी तिथं बसून, माझ्या चुकीसकट, पन्नासच्या वर पदांसकट, आपल्या हातानं उतरवून काढलं होतं. लाल गोलसुद्धा त्यांनीच काढला होता. मी मान वर केली नाही. लाज वाटली, आणि लाजेच्या खालून सुटल्यासारखंही वाटत होतं, त्याची आणखी लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी मी सरांच्या घरी गेलो, बौद्धवाड्यात. अकरा वर्षांत पहिल्यांदा. ते माझ्या ओट्यावर शंभरदा आले होते आणि मी त्यांच्या दारात एकदाही गेलो नव्हतो. का, ते विचारू नका. तुम्हाला ठाऊक आहे आणि मलाही ठाऊक होतं.

सर अंघोळ करत होते. गयाबाईनं मला खाटेवर बसवलं. तिला आता ऐकू कमी यायचं, त्यामुळं ती मोठ्यानं बोलायची. "बरं केलं आलात, मास्तर. ह्याच्याकडं कोण येत न्हाय. रोज संध्याकाळी मलाच बळं सांगत बसतो. मला ऐकू येत न्हाय, त्याला म्हायती हाय. तरी सांगतो. म्या मान हालवती."

सर डोकं पुसत आले. मी काही प्रस्तावना न करता म्हणालो, "सर, सतरावं पान माझं होतं."

"व्हय."

"मग हे असं कशाला केलं?"

सर समोर जमिनीवर बसले. "तुमी लाजून यायचं बंद केलं असतं, गुरुजी."

"एक चिटणीस गेला असता. दुसरा मिळाला असता."

"बी.एस्सी. करून गावात आलो त्या दिवसापासनं इज्ञान माझ्या डोक्यात फिरतंय," ते म्हणाले. "बोलायला माणूस न्हाय. बायका पाण्याचं बोलत्यात, गडी पिकाचं बोलत्यात, आपले मास्तर बदलीचं. म्या कुणाशी बोलू? म्हणून तर संस्था काढली. तुमाला काय वाटलं, चार बळं महबूबभाईंच्या गिरणीत एक व्हणार व्हती?" ते हसले. "मुंबईला महिनाभर दिवस-रात्र बोलाय मिळालं. लई बरं वाटलं. तरी रविवार आला की जीव लागंना. म्हणलं, तिकडं सतरंजी कुणी आथरली का न्हाय."

मग मी माझं मूळ पान मागितलं. त्यांनी ते पत्र्याच्या पेटीतून, मुंबईच्या वहीतून काढून दिलं. त्यावर खरा लाल गोल होता आणि कडेला बाईंनी पेन्सिलीनं इंग्रजीत काहीतरी लिहिलं होतं.

"काय म्हणाल्या?"

"अक्षर फार सुंदर हाय म्हणल्या."

त्या पानाला मला आठ दिवस लागले. रोज सकाळी ऊन चढायच्या आधी ओट्यावर ताट घेऊन बसायचो. एका वाटीत ज्वारी, एका वाटीत तूर. दोनदा चुकलो, एकदा कोंबडी येऊन पाच पदं खाऊन गेली. सुमन समोर बसून दाणे मोजायची, माझ्यावर तिचा भरवसा उरला नव्हता. आठव्या दिवशी समोरासमोरचे सगळे दाणे उचलून झाले आणि ताटात तुरीचा एकच दाणा उरला. मी पुन्हा पहिल्यापासून केलं. पुन्हा तूर. मग दूध संस्थेच्या फॉर्मच्या पाठीवर पान नीट उतरवलं आणि खाली उणे लिहिलं. माझ्या आयुष्यातलं मी स्वतः केलेलं ते पहिलं गणित.

संध्याकाळी सर आले आणि नेहमीसारखे ओट्यावर टेकले. गठ्ठा बरोबर होता. मी पान त्यांच्या हातात दिलं. वारा सुटला होता, पानं फडफडायला लागली. सुमन दारात आली आणि म्हणाली, "तिथं कशाला बसलाव, सर? आत या. पानं उडतील."

सर एकदा माझ्याकडं, एकदा तिच्याकडं बघत राहिले. मग चपला काढून आत आले आणि आमच्या माजघरात भिंतीला टेकून बसले. पान गुडघ्यावर ठेवून एकेका पदाखाली बोट फिरवत त्यांनी ते सावकाश वाचलं. शेवटच्या चिन्हावर बोट थांबलं.

"टाचणी हाय का?" त्यांनी विचारलं.

सुमननं कॅलेंडरची टाचणी काढून दिली. मी जमिनीवरचं ताट बाजूला सारून जागा केली, आता लोहचुंबक निघणार म्हणून. पण सरांनी खिशाला हात लावला नाही. गठ्ठ्यातलं ते मुंबईचं पांढरं पान काढून त्यांनी घडी घालून खिशात ठेवलं, त्याच्या जागी माझं पान ठेवलं, आणि पुढच्या-मागच्या पानांना जोडून त्याला टाचणी मारली.